दिवसभर उभं राहायचं काम? कॉम्प्रेशन मोजे घेताना, घालताना आणि धुताना

रात्री दुकान बंद करून चप्पल काढली की पावलावर पट्ट्याचा वळ दिसतो. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरला तर खळगा पडतो आणि लगेच भरून येत नाही. सोलापूरच्या नवी पेठेत साड्या दाखवणारे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर पाळी करणारे, गारमेंटमधले कटिंग मास्तर, वॉर्डातल्या सिस्टर, फळ्यासमोर उभे राहणारे मास्तर, चौकातले ट्रॅफिक पोलीस, यातल्या बहुतेकांना हे ओळखीचं असेल. बरेच जण मेडिकलमध्ये जाऊन "पायाचे मोजे द्या, मीडियम" म्हणतात. चार दिवस घालतात, मग ते मोजे कपाटात जातात. चूक बहुतेक वेळा मोज्याची नसते, माप न घेता तो घेतलेला असतो.

आधी कॉम्प्रेशन मोजा, म्हणजे पाय आवळून धरणारा मोजा, काय करतो ते. उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका दाब असतो. हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा उभा स्तंभच तिथे टेकलेला असतो. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतो, शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि तोच दाब २०-३० पर्यंत उतरतो. म्हणून चार मागांमध्ये फेऱ्या मारणाऱ्यापेक्षा एका काउंटरमागे खिळून उभ्या असलेल्याचे पाय जास्त सुजतात. मोजा बाहेरून पाय आवळतो, शिरा कमी फुगतात, झडपा नीट मिटतात आणि पाणी कमी झिरपतं. तो घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि गुडघ्याकडे जाताना सैल होत जाणारा असायला हवा. सगळीकडे सारखा घट्ट असलेला इलॅस्टिकचा नळा हे काम करत नाही. आणि आधीच फुगून वळवळीत झालेल्या शिरा मोजा घालून नाहीशा होत नाहीत. जडपणा, ठणका आणि सूज कमी होते, तेही मोजा पायात असेपर्यंत.

दाब किती हे पाकिटावर एमएमएचजीमध्ये (मिलिमीटर पारा) छापलेलं असतं. बीपीच्या यंत्राचं जे माप, तेच हे. ८-१५ म्हणजे अगदी हलका, पहिल्यांदा घालणाऱ्याला किंवा वयस्कर माणसाला सोसणारा. १५-२० हा दिवसभर उभं राहणाऱ्या धडधाकट माणसासाठी नेहमीचा. २०-३० आणि त्यापुढचे डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय घेऊ नका. नुसतं "क्लास १" किंवा "क्लास २" लिहिलं असेल तर फसायला होतं. ब्रिटिश मापाचा क्लास १ म्हणजे १४-१७, जर्मन मापाचा १८-२१ आणि फ्रेंच मापाचा १०-१५. आकडा छापलेला नसेल तर ते पाकीट परत ठेवा. ऑपरेशननंतर दवाखान्यातून मिळालेले पांढरे लांब मोजे घरात पडलेले असतात, तेही यासाठी वापरू नका. ते पलंगावर पडून असलेल्या माणसासाठी केलेले असतात.

उभं राहण्याच्या कामाला गुडघ्याखालचा मोजा पुरतो. मांडीपर्यंतचा गरम होतो, घसरतो आणि खाली बसताना गुडघ्यामागे गोळा होतो.

माप

माप सकाळी घ्यायचं, उठल्यावर, पाय सुजायच्या आधी. संध्याकाळी दुकानातून येता येता माप दिलं तर ते सुजेचं माप होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा घोट्याशी सैल बसतो. शिंप्याचा टेप वापरा, पण जुना कापडी टेप ताणून लांब झालेला असतो. तो एकदा स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा. टेप नसेल तर न ताणणारा दोरा पायाभोवती घ्या, खूण करा आणि पट्टीवर मोजा. सुतळी नको, ती दबते आणि माप चुकतं.

खुर्चीवर बसा, तळवा जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. पहिलं माप घोट्याच्या हाडाच्या थोडं वर, पाय जिथे सगळ्यात बारीक होतो तिथे. टेप त्वचेला लागलेला हवा, पण त्वचा दबायला नको. दुसरं माप पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे. ती जागा डोळ्यांनी ठरवू नका, टेप वरखाली सरकवून सर्वांत मोठा आकडा घ्या. तिसरं माप जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पायांची मापं वेगळी लिहा: डावा घोटा २२, पोटरी ३६, उंची ३९ सेंटिमीटर, उजवा घोटा २२.५, पोटरी ३७, उंची ३९. हा कागद घेऊन दुकानात जा आणि पाकिटाच्या मागचा तक्ता वाचा. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीचा लार्ज असू शकतो. बुटाचा नंबर इथे कामाचा नाही.

अडचण येते ती घोटा मीडियममध्ये आणि पोटरी लार्जमध्ये आली तर. घोट्याचं माप महत्त्वाचं, कारण खरा दाब तिथे पडायचा असतो. पण पोटरीला दोन-तीन सेंटिमीटर कमी पडणारा मोजा वरून गुंडाळत खाली येतो. अशा वेळी "जाड पोटरीचा" वेगळा साईज ठेवणारी कंपनी शोधा किंवा मापावर शिवून घ्या. उंची कमी असलेल्यांनी आखूड लांबीचा मागावा. लांब मोजा वरून दुमडून घालणं ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे. दुमडलेल्या जागी दाब जवळपास दुप्पट होतो आणि तोही नेमका वरच्या टोकाला. पायातलं रक्त वर जायला मदत करायला घेतलेली वस्तू दोरी बांधल्यासारखी ते अडवते.

आधी हे तपासा

ठरावीक अंतर चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की थांबते. रात्री पाय दुखतो आणि पलंगावरून खाली लोंबकळत ठेवला की बरं वाटतं. पाऊल गार आणि फिकट पडतं, बोटांवरची जखम भरत नाही. ही लक्षणं शिरांची नाहीत, पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झाल्याची आहेत. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं. अशा पायावर कॉम्प्रेशन मोजा चढवला तर आधीच कमी येणारं रक्त आणखी कमी होतं. मधुमेहाने तळव्याला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर मोजा कुठे रुततोय हे कळणारच नाही. हृदय नीट काम करत नसल्याने पाय सुजत असतील, पायावर खाज येऊन पाणी झिरपत असेल किंवा त्वचा लाल होऊन तापली असेल, तर आधी डॉक्टर. ते घोट्याचा आणि दंडाचा बीपी घेऊन तुलना करतात. तपासणी साधी असते आणि दुखत नाही.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. बीपीसाठीच्या अम्लोडिपिनच्या गोळीनेही घोटे सुजतात, त्यामुळे सूज गोळी सुरू झाल्यावर आली का ते आठवून बघा. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि हत्तीरोगाची सूज वेगळी असते, तिला वेगळ्या पद्धतीने बांधावं लागतं.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम लागते आणि दाबल्यावर दुखते, तर मोजा घालून कामावर जाऊ नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यासोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही थांबू नका, १०८ ला फोन लावा.

घालणं

उठल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत घाला. आंघोळ आधी करत असाल तर पाय बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा, मग पाच-दहा मिनिटं पाय वर करून पडून राहा. ओल्या पायावर मोजा चढत नाही, चिकटतो आणि ओढून फाटतो. सकाळी तेल लावू नका. तेलाने पकड सुटते आणि लवचीक धागाही लवकर मरतो. तेल किंवा क्रीम रात्री, मोजा काढल्यावर.

आता टाचा बघा. सोलापूरच्या कोरड्या हवेत टाचांना भेगा पडतातच. त्या भेगेच्या कडेला मोज्याचा धागा अडकतो, एक टाका सुटतो आणि तिथून वर रेघ उसवत जाते. टाच घासून गुळगुळीत ठेवा, नखं कापा. बायकांनी पैंजण आधी काढून ठेवावेत, अंगठी काढावी. जोडवी काढायची नसतील तर बोटं उघडी असणारा मोजा घ्या. अंगठ्याची चप्पल घालणाऱ्यांनाही तोच बरा.

मोज्यात हात घाला, आतून टाचेचा भाग चिमटीत धरा आणि टाचेपर्यंतचा मोजा उलटा करून घ्या. पाऊल आत घालून टाचेचा खळगा बरोबर टाचेवर बसवा. तो वाकडा बसला तर पुढचं सगळं वाकडं. मग उरलेला भाग तळहातांनी दोन-दोन इंच वर सरकवत आणा. वरची किनार धरून खेचू नका, कारण त्याने घोट्याशी कापड पातळ होतं आणि पोटरीवर गोळा होतं. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड दुप्पट येते. बोटं उघडी असणाऱ्या मोज्यासाठी पातळ प्लास्टिकची पिशवी पावलावर चढवा, मोजा तिच्यावरून सरकवा आणि पिशवी पुढून ओढून काढा. किनार गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली थांबली पाहिजे. शेवटी पूर्ण पायावरून हात फिरवा. घोट्याच्या पुढे एखादी सुरकुती राहतेच, ती पुसून काढा. दुपारपर्यंत तीच लाल रेघ उमटवते.

नखाचं टोक दाबून सोडा. दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या किंवा ठणकायला लागली तर मोजा लगेच काढा. पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग रोज थोडं वाढवत आठवड्यात पूर्ण पाळी. झोपताना काढायचा. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळ बघू नये: झोपून उठल्यावर घालायचा, झोपायच्या आधी काढायचा.

फरक पडतोय का हे टेपनेच कळतं. पहिले तीन दिवस मोज्याशिवाय सकाळ-संध्याकाळ घोटा मोजा, पुढचे तीन दिवस सकाळी मोजा घालण्याआधी आणि संध्याकाळी तो काढल्याबरोबर घोट्याचं माप घ्या. संध्याकाळचा आकडा सकाळच्या जवळ आला नाही तर दाब किंवा साईज चुकला आहे.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने शिरा सैलावतात आणि पाय जास्त सुजतात, म्हणजे ज्या दिवसांत मोजा नकोसा वाटतो त्याच दिवसांत त्याची गरज जास्त. पातळ विणीचा, बोटं उघडी असणारा आणि फिक्या रंगाचा घ्या. चप्पल किंवा सँडल वापरत असाल तर दुपारी पोटरीवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते पटकन वाळतं आणि वाळताना गारवा देतं. बंद बूट असतील तर हे करू नका, बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते. अगदीच सोसवत नसेल तर सर्वांत जास्त उभं राहण्याचे चार-पाच तास तरी घाला.

मोजा घातला म्हणून खांबासारखं उभं राहायचं नाही. दर अर्ध्या तासाने टाचा पंधरा-वीस वेळा उचला, काउंटरमागे ते कुणाला दिसतही नाही. पायाखाली चार-सहा इंच उंचीची वीट किंवा पाट ठेवून पाय आलटून पालटून टेकवा. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं मिळाली तर टॉवेलच्या गठ्ठ्यावर पाय छातीपेक्षा वर ठेवून पडा.

धुणं आणि बदलणं

रोज धुवा. घाम आणि कारखान्यात उडणारा तूस विणीत बसला की मोजा ताठ होतो, पण धुतल्यावर वीण परत आकसते. नळाला रोज पाणी नसलं तरी अर्धी बादली पुरते. कोमट पाणी, साधा साबण, हाताने दाबून. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं लिक्विड नको, ब्रश नको. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी निघतं. वाळवायचा तो सावलीत, आडवा. पत्र्यावर किंवा गच्चीच्या तापलेल्या कठड्यावर टाकलेला मोजा एका उन्हाळ्यात संपतो. नायलॉन टिकतं, आतला लवचीक धागा उष्णतेने मरतो. इस्त्री तर कधीच नाही. दोन जोड ठेवा, एक पायात आणि एक दोरीवर.

रोज वापरला तर चार ते सहा महिन्यांत दाब उतरतो. दिसायला मोजा धडधाकट असतो, म्हणून लोक वर्षभर ओढतात. पूर्वीपेक्षा सहज चढायला लागला, घोट्याशी चिमटीत कापड सैल येऊ लागलं किंवा संध्याकाळचा वळ परत दिसू लागला, तर तो बदला. नवीन घेताना पाय पुन्हा मोजा. वजन कमी-जास्त झालं असेल किंवा मध्ये बाळंतपण झालं असेल तर जुना कागद चालत नाही.