यान कोत्येरा यांच्या वास्तू कोणत्या क्रमाने पाहाव्यात

प्रागला जाणारा वास्तुकलेचा अभ्यासक तिथल्या घनवादी (क्युबिस्ट, म्हणजे कोनदार भौमितिक आकारांच्या) इमारती आवर्जून पाहतो; मात्र योसेफ गोचार यांच्यासारखे वास्तुविशारद ज्यांच्या हाताखाली घडले, त्या यान कोत्येरा (१८७१–१९२३) यांच्या वास्तूंपाशी तो क्वचितच थांबतो. ही उपेक्षा अन्यायकारक आहे. ब्रनो येथे जन्मलेले कोत्येरा व्हिएन्नात वास्तुविशारद ऑटो वाग्नर यांच्याकडे शिकले आणि १८९८ मध्ये प्रागच्या कलाशाळेत शिकवू लागले. त्यांचे काम समजून घ्यायचे असेल, तर नकाशावरची सोय बाजूला ठेवून वर्षांच्या क्रमाने फिरावे, म्हणजे दर्शनी भागावरची नक्षी हळूहळू कशी ओसरत गेली आणि भिंतच कशी बोलू लागली, हे डोळ्यांनी पाहता येते.

सुरुवात व्हेन्सेस्लास चौकातील पेटेर्का भवनापासून (१८९९–१९००) करावी. चौकाच्या समोरच्या बाजूला उभे राहून गिलाव्यातील वनस्पतींची नक्षी आणि शिल्पे नीट न्याहाळावीत. अवकाश आणि बांधणी यांना पहिले स्थान, सजावटीला त्यानंतरचे, असे प्रतिपादन कोत्येरांनी १९०० मध्येच एका लेखात केले होते. तो विचार या इमारतीत अजून पुरता उतरलेला नाही, हे लक्षात ठेवूनच पुढे जावे. स्त्राश्नित्से भागातील त्रमाल व्हिला (१९०२–०३) लोकवास्तूच्या प्रभावासाठी पाहावा. आत जायचे असल्यास भेटीच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात.

खरा वेळ राखून ठेवावा तो प्रागच्या पूर्वेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या ह्रादेत्स क्रालोवे या शहरासाठी. महापौर फ्रान्तिशेक उलरिख यांच्या पुढाकाराने नवे रूप घेणाऱ्या या शहरात कोत्येरांनी आधी जिल्हा भवन (१९०३–०४) आणि नंतर एल्बे नदीकाठचे संग्रहालय (१९०९–१२) उभारले, त्यामुळे मधल्या काही वर्षांत त्यांच्या विचारात पडलेला फरक इथे एकाच दिवसात तपासता येतो. संग्रहालयापाशी घाईने आत शिरू नये. आधी लांबून घुमट आणि खालच्या ठोकळ्यांची मांडणी पाहावी, मग जवळ जाऊन उघड्या विटांचे थर पाहावेत. प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंना स्तानिस्लाव सुखार्दा यांनी घडवलेल्या भव्य स्त्रीमूर्ती बसलेल्या आहेत. भिंतीवर चिकटवलेल्या अलंकारासारख्या त्या वाटत नाहीत, त्या इमारतीचा भार जाणून बसलेल्या दिसतात. माझ्या मते कोत्येरांची ही सर्वश्रेष्ठ वास्तू आहे.

प्रागला परतल्यावर युंगमानोवा रस्त्यावरील उर्बानेक भवन (१९१२–१३) पाहावे. संगीत प्रकाशकासाठी बांधलेल्या या इमारतीत विटांची भिंत आणि वरचा त्रिकोणी माथा एवढ्यावरच दर्शनी भागाचा सगळा परिणाम पेललेला आहे. व्ल्टावा नदीकाठची विधी विद्याशाखेची इमारत मात्र सर्वांत शेवटी पाहावी आणि तिच्यावरून कोत्येरांचे मूल्यमापन करू नये, कारण ती त्यांच्या मृत्यूनंतर लादिस्लाव माखोन्य यांच्या देखरेखीखाली उभी राहिली.