लाइनअपमधली जागा: सर्फिंगच्या जगातली गे किशोरकथा कशी लिहावी

समुद्राकाठी वाढणारा मुलगा, त्याला आवडलेला दुसरा मुलगा, मनातली घालमेल आणि शेवटी घरी सांगणं. एवढ्या सांगाड्यावर लिहिलेल्या बहुतेक कथा फसतात, कारण त्यांत समुद्र नुसता देखाव्याला असतो. सर्फिंगच्या जागी फुटबॉल घातला तरी काही बिघडत नाही. म्हणून पहिलं वाक्य लिहिण्याआधी एक प्रश्न सोडवून घ्या: आपला नायक गे आहे हे उघड झालं, तर पाण्यात त्याचं नेमकं काय जाईल? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. लाइनअपमधली जागा.

लाटा फुटतात त्याच्या जरा पलीकडे सर्फर बोर्डवर बसून वाट बघतात, तो लाइनअप. तिथले नियम कोणी लिहून ठेवलेले नसतात, पण सगळ्यांना पाठ असतात. लाट जिथे सर्वांत आधी फुटते त्या पीकच्या जो सर्वांत जवळ, लाट त्याची. तो निघालेला असताना त्याच्या पुढ्यात दुसऱ्याने तीच लाट पकडणं म्हणजे ड्रॉप-इन. हळूच वळसा घालून आतली जागा बळकावणं म्हणजे स्नेकिंग. वर्षानुवर्षं येणाऱ्यांना चांगल्या लाटा मिळतात, नवख्याला उरलेल्या.

कथेचा कणा इथे आहे. जिवलग मित्राला नायकाबद्दल कळतं आणि दुसऱ्या दिवशी तो नायकाच्या लाटेवर मुद्दाम ड्रॉप-इन करतो. पाण्यातल्या सात-आठ जणांना ते दिसतं, कोणी काही बोलत नाही. तीन पानांच्या शिवीगाळीने जमणार नाही ते या एका लाटेने जमतं. मात्र वाचकाला नियम त्याआधीच कळलेला हवा. त्यासाठी कथेच्या सुरुवातीच्या एक-पंचमांश भागात एक साधा प्रसंग पेरा: कोणी नवखा चुकून पुढ्यात येतो, हात वर करून माफी मागतो, विषय मिटतो. मग मित्राच्या वेळी फक्त एवढंच लिहा की त्याने हात वर केला नाही.

हाच नियम प्रेमालाही वापरता येतो. काही लाटा पीकपासून दोन्ही बाजूंना सारख्या उलगडतात. अशा लाटेवर एक जण डावीकडे, एक जण उजवीकडे गेला तर कोणाचाच हक्क मोडत नाही. दोघं एकाच लाटेवर, पाठीला पाठ, आणि बघणाऱ्यांना त्यात वावगं काही दिसत नाही. डावं-उजवं लिहिताना एक चूक हमखास होते. सर्फिंगमध्ये दिशा लाटेवरच्या सर्फरच्या नजरेतून, किनाऱ्याकडे तोंड करून मोजतात. वाळूवरून बघणाऱ्याला ती उलटी दिसते.

आता पाणी. लाटांच्या अंदाजात तीन आकडे बघतात: लाटेची उंची, दोन लाटांमधला काळ आणि दिशा. जोडीला वारा. सहा-सात सेकंदांचा काळ म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठलेलं विस्कळीत पाणी; बारा सेकंदांच्या वर गेला की दूरच्या वादळातून आलेली ताकदवान लाट. चौदा सेकंदांच्या लाटांचा समूह खोल समुद्रात ताशी साधारण ४० किलोमीटरने सरकतो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या वादळाची लाट पोचायला एक दिवस लागतो. लेखकाला हे आयतं घड्याळ मिळालं. उद्या पहाटे सगळे मुख्य जागेवर असणार हे आदल्या दिवशीच माहीत असतं, तेव्हा पलीकडची छोटी खाडी रिकामी असणार हेही त्या दोघांना माहीत असतं. याच्या उलट, आठवडाभर पाणी सपाट राहिलं तर भेटायला निमित्तच उरत नाही. असा कोरडा आठवडा कथेत जरूर ठेवा, ओढ त्यात वाढते.

सर्फिंग पहाटेचं का, हेही कळू द्या. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा लाटेला थोपवून तिचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. दिवस तापला की वारा बहुधा उलटतो आणि लाटा विस्कटतात.

दोन तास पाण्यात काढले तरी उभं राहून घसरण्याचा वेळ सगळा मिळून काही मिनिटांचाच. बाकी वल्हवणं आणि बसणं. त्यामुळे महत्त्वाचे संवाद दोन सेटच्या (एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटांच्या गटांच्या) मधल्या वेळेत घडवा, आणि चार-पाच वाक्यांत संपवा. दोघंही क्षितिजाकडे बघत असतात, एकमेकांकडे नाही. जे डोळ्यांत बघून सांगता येत नाही ते इथे सांगता येतं. मग सेट येतो, वाक्य अर्धं तुटतं, दोघं पोटावर आडवे होतात. ते अर्धं वाक्य लगेच पूर्ण करू नका.

शरीराचे तपशील अचूक असतील तर प्रेमाची वर्णनं निम्म्याने कमी करता येतात. लीश, म्हणजे बोर्ड सर्फरला जोडून ठेवणारी दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात. डावा पाय पुढे तो रेग्युलर, उजवा पुढे तो गूफी. शॉर्टबोर्ड साधारण साडेपाच ते साडेसहा फूट, लाँगबोर्ड नऊ फुटांच्या आसपास. नवख्याच्या हाती सहा फुटी पातळ बोर्ड देऊन त्याला पहिल्याच दिवशी उभं केलंत, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल. वॅक्स बोर्डच्या वरच्या बाजूला लावतात, पाय घसरू नये म्हणून. आधी कडक वॅक्सचा थर गोल-गोल घासत, दाणे उठेपर्यंत. त्यावर पाण्याच्या तापमानाला जुळणारा मऊ थर. ऊन लागलं की तो वितळतो, म्हणून बोर्ड पालथा ठेवतात. मित्राने न सांगता नायकाचा बोर्ड पालथा करून ठेवला, हे नायकाला वाळूवर परतताना दिसू द्या.

वेटसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या घट्ट रबरी पोशाखाच्या, चेनचा प्रसंग जवळपास प्रत्येक नवा लेखक लिहितो: 'जरा मागची चेन लावतोस?' पाठीवरच्या चेनला लांब दोरी असते, ती सर्फर स्वतःच ओढतो. वर्षानुवर्षं सूट घालणाऱ्या मुलाला मदत लागत नाही. हे माहीत नसलं तर प्रसंग खोटा पडतो. माहीत असलं तर तोच प्रसंग सोनं होतो, कारण गरज नसताना त्याने विचारलंय, हे दोघांनाही कळतं. दोरी खांद्यावर लोंबत असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

आणखी एक. पाण्यात आपटल्यावर नाकाच्या पोकळ्यांत खारं पाणी अडकतं आणि काही तासांनी मान खाली घातली की अचानक गळतं. रात्री ताटावर वाकलेल्या मुलाच्या नाकातून पाणी येतं, घरच्यांना सवय असते, कोणी विचारत नाही. ज्या रात्री तो खरंच रडतोय, त्या रात्रीही कोणी विचारत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला या विषयात एक मोठी देणगी आहे, ती म्हणजे नपुंसकलिंग. 'कोण भेटलं होतं?' असं आई सहज विचारते. 'भेटलं कुणीतरी', 'आहे एक जण', 'आवडतं कुणीतरी' असं म्हणत नायक कितीतरी प्रकरणं खोटं न बोलता लपून राहू शकतो. ज्या दिवशी तो 'भेटला' म्हणेल, त्या दिवशी एका अक्षराने सगळं उघड होईल. यासाठी निवेदनातही 'भेटलं' आधी तीन-चारदा कानावरून जाऊ द्या आणि 'भेटला' नंतर स्पष्टीकरण देऊ नका.

काळ ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑस्ट्रेलियाचा मॅट ब्रॅन्सन १९८० च्या दशकात सर्फिंग स्पर्धांच्या व्यावसायिक दौऱ्यावर होता. आपण गे आहोत हे त्याने दौरा सोडल्यावर पुष्कळ वर्षांनी जाहीर केलं. २०२० मध्ये जगज्जेती टायलर राइट जर्सीवर प्राइड ध्वज (समलिंगी समाजाचा ध्वज) लावून स्पर्धेत उतरली. या दोन काळांतल्या मुलांची भीती सारखी नसते. आजच्या मुलाला शब्द माहीत असतो, फोनवर त्याच्यासारखे शेकडो जण दिसतात, तरी रोजच्या लाइनअपमध्ये तो एकटाच असू शकतो. आजची कथा लिहायची तर हा विरोध धरा.

वयाचं भान कडक ठेवा. नायक सोळा-सतराचा असेल तर ज्याच्यावर जीव जडतो तोही त्याच्याच वयाचा हवा, पंचविशीतला प्रशिक्षक नको. अल्पवयीन पात्रांची लैंगिक वर्णनं लिहायची नाहीत. ओले केस झटकणं, एकाच टॉवेलवर वाळू झाडणं, यातून सगळं पोचतं. वयाने मोठा गे सर्फर जरूर आणा, पण नायकाला पुढे काय असतं हे दाखवण्यापुरता; त्याला लाटा निवडायला शिकवू द्या, उपदेश करायला लावू नका. आणि दोघांपैकी एकाला समुद्रात बुडवून कथा संपवू नका. गे पात्रांना मारून रडवणाऱ्या कथा आधीच खूप झाल्या आहेत, आणि ज्या मुलाला ही कथा सर्वांत जास्त हवी आहे तोच ती वाचत असेल.

मसुदा झाला की दोघांना वाचायला द्या. सर्फरला विचारा, कुठल्या पानावर पाणी खोटं वाटलं. गे वाचकाला विचारा, कुठल्या पानावर भीती खोटी वाटली. दोघांनी एकाच प्रसंगावर बोट ठेवलं, तर तो दुरुस्त करत बसू नका, पहिल्या ओळीपासून नव्याने लिहा.