बक कन्व्हर्टरची एफिशियन्सी मोजताय? आधी प्रोब कुठे टेकवलाय ते बघा

पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो तो एलएम2596 चिपचा छोटा निळा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज खाली उतरवणारा बोर्ड घ्या. 12 व्होल्ट आत, 5 व्होल्ट बाहेर, 3 अँपिअर लोड. चिपची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) अशा वेळी साधारण 80% एफिशियन्सी सांगते, म्हणजे आत गेलेल्या वॉटपैकी 80% बाहेर मिळतात. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा 75 आली आणि मी दुकानदाराच्या नावाने खडे फोडत बसलो, डुप्लिकेट चिप गळ्यात मारली म्हणून.

चूक माझीच होती. मी व्होल्टेज लोडच्या टोकाला मोजत होतो, मधे क्रोकोडाइल क्लिपवाली बारीक वायर. वायर आणि क्लिपा मिळून 0.1 ओहम जरी धरलं तरी 3 अँपिअरला 0.3 व्होल्ट तिथेच गेले, म्हणजे 0.9 वॉट, आणि तो तोटा मी बिचाऱ्या बोर्डाच्या खात्यात टाकला. म्हणून व्होल्टमीटरच्या वायरी वेगळ्या ठेवायच्या आणि प्रोब थेट बोर्डाच्या पॅडवर टेकवायचे, इनपुटलाही आणि आउटपुटलाही. प्रोब पॅडवर लावल्यावर आउटपुटला 4.71 व्होल्टचे 5.01 झाले. इनपुटला 12.02 व्होल्ट आणि 1.562 अँपिअर, म्हणजे 18.78 वॉट आत, 15.03 बाहेर, बरोबर 80%.

करंटसाठी मीटरची 10 अँपिअरची रेंज किंवा सप्लायचा डिस्प्ले नको. 50 मिलिओहमचे, निदान 2 वॉटचे दोन सारखे शंट घ्या (शंट म्हणजे अगदी कमी ओहमचा रेझिस्टर, त्यावर पडणाऱ्या व्होल्टेजवरून करंट कळतो), एक इनपुटच्या प्लस वायरमध्ये, एक आउटपुटच्या. मायनसमध्ये लावू नका, कारण सप्लाय आणि लोड दोन्हीकडून अर्थला जोडलेले असले तर करंट शंटला बगल देऊन भलतीकडून जातो आणि तुम्ही डोकं खाजवत बसता.

आता खरी गंमत. एफिशियन्सी म्हणजे शेवटी गुणोत्तर, त्यामुळे महागडा मीटर लागतच नाही. एकच मीटर घ्या, दोन्ही व्होल्टेज 20 व्होल्टच्या रेंजला आणि दोन्ही शंट 200 मिलिव्होल्टच्या रेंजला मोजा, मीटर 1% जास्त दाखवत असला तरी वर-खाली कटून जातं. राहिला शंटचा फरक, तर आधी दोन्ही सिरीजमध्ये जोडून दीडेक अँपिअर सोडा, एकावर 75.0 आणि दुसऱ्यावर 75.8 मिलिव्होल्ट आले तर दुसऱ्याचं रीडिंग दरवेळी 1.011 ने भागायचं, झालं. हे फालतू वाटतं पण 95% वाल्या बोर्डाला 2% ची चूक म्हणजे 5% लॉसचा 3 किंवा 7 होतो.

इनपुट शंटच्या नंतर, बोर्डाला अगदी चिकटून, 470 मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर टाका, नाहीतर स्विचिंगचा रिपल, म्हणजे चिपच्या चालू-बंद होण्याने करंटला येणारे हेलकावे, शंटमधून जातो आणि साधा मीटर काहीही दाखवतो. आणि लोड लावल्या लावल्या रीडिंग घेऊ नका, दहा-पंधरा मिनिटं बोर्ड तापू द्या, आकडा हलायचा थांबला की चारही रीडिंग पटापट घ्या.

हलक्या लोडला मात्र हे शंट चालत नाहीत. ही चिप स्वतःलाच 5 मिलिअँपिअरच्या आसपास खाते, 50 मिलिओहमवर त्याचे जेमतेम पाव मिलिव्होल्ट होतात. तिथे 1 ओहमचे लावा, फक्त फुल लोडला जायच्या आधी आठवणीने काढा, क्वार्टर वॉटचे असतील तर आठवण वासच करून देतो.