समांतर विश्वाचा सिनेमा, तोही तुटपुंज्या पैशात: या चुका टाळा

कमी बजेटच्या विज्ञानपटाचा पहिला कट, म्हणजे पहिली जोडणी, बघायला चार मित्र बसले की एक प्रश्न हमखास येतो, ‘थांब, हा इकडचा की तिकडचा?’ पाचव्या मिनिटाला आला तर ठीक, ते कुतूहल असतं. चाळिसाव्या मिनिटाला आला तर सिनेमा हातातून गेला. पैसे कमी म्हणून रडणारे पुष्कळ भेटतात, पण असले सिनेमे बहुतेक वेळा या प्रश्नापाशीच आपटतात आणि त्यावरचे बरेचसे इलाज फुकट आहेत.

नियम न ठरवता पटकथा लिहायला घेणं

दुसऱ्या जगात कोण जाऊ शकतं? अंगावरचे कपडे सोबत जातात का? परतीची वाट आहे का? इकडचा आणि तिकडचा समोरासमोर आले तर काय होतं? ही उत्तरं एका कागदावर मावली पाहिजेत. मग तो कागद एखाद्या खवचट मित्राला द्या आणि म्हणा, ‘यात पळवाट शोध.’ त्याला दहा मिनिटांत सापडलेली पळवाट प्रेक्षकालाही सापडणार.

उलट टोकाची चूक म्हणजे विज्ञान समजावत बसणं. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये मांडलेल्या कल्पनेत प्रत्येक शक्य निकाल आपापल्या फांदीत, म्हणजे वेगळ्या जगात, घडतो, पण वेगळ्या झालेल्या फांद्या पुन्हा एकमेकींना भेटत नाहीत. तुमच्या सिनेमात त्या भेटणारच, नाहीतर सिनेमा कशाचा? म्हणजे मधलं दार तुमच्या पदरचं आहे. ते बिनदिक्कत वापरा आणि प्राध्यापकाच्या तोंडचं फळ्यासमोरचं भाषण कापून टाका.

निळं जग, केशरी जग

एका जगाला थंड छटा, दुसऱ्याला उबदार, असं ठरवून टाकलं की दिग्दर्शकाला वाटतं काम झालं. पण प्रत्येक स्क्रीनवर रंग वेगळा दिसतो. त्यात मोबाइलवर किंवा साध्या कॅमेऱ्यावर ८-बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या मोजक्या पायऱ्यांत, शूट केलेलं फुटेज जोरात ग्रेड केलं, म्हणजे त्याचे रंग बदलले, की भिंतीवर, आकाशात पट्टे पडायला लागतात. छटा असू द्या, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका.

हाताने दाखवता येईल असा फरक हवा. ‘कोहेरन्स’ या २०१३ च्या सिनेमात एकाच घराच्या समांतर प्रतींमधली माणसं ओळखायला हातातल्या चमककांड्यांचा रंग कामी येतो, निळा की लाल. खर्च नगण्य, आणि फरक पात्रांनाही दिसतो, त्यामुळे तो कथेतच मुरतो. (हाच सिनेमा दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित झाला आणि नटांकडे पूर्ण पटकथा नव्हती, हे ऐकून पुष्कळ जण ‘आपणही सेटवर सुचेल तसं करू’ म्हणतात. संवाद उत्स्फूर्त होते, घटनांची चौकट आधी ठरलेली होती.) तुमच्याकडे भांगाची बाजू, चष्मा, भिंतीवरचं घड्याळ असं काहीही चालेल. मात्र पहिल्या दहा मिनिटांत ते एकदा जवळून दाखवा.

एकाच फ्रेममध्ये एकच नट दोनदा

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. पद्धत जुनीच आहे: कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, डावीकडचा टेक, मग कपडे बदलून उजवीकडचा टेक आणि एडिटमध्ये मधोमध जोड. बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींनी.

जोडाजवळची भिंत डुलताना दिसत असेल तर कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन चालू राहिलं आहे. ट्रायपॉडवर ते बंदच हवं, नाहीतर कॅमेरा नसलेला धक्का सावरायला जातो. भिंतीचा एक अर्धा भाग उजळ, दुसरा काळपट किंवा पिवळट दिसत असेल तर एक्स्पोजर (चित्राचा उजेड) नाहीतर व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची जुळवणी) ऑटोवर होता. फोकससकट तिन्ही मॅन्युअल करा आणि दोन्ही टेक होईपर्यंत कोणालाही कॅमेऱ्याला हात लावू देऊ नका. खिडकीतला प्रकाश तर दगा देतोच, कपडे बदलेपर्यंत ढग येतो. पडदे ओढून दिव्यांवर शूट करा किंवा रात्री करा. दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकत असतील तर शटर विजेच्या फ्रिक्वेन्सीशी जुळवा: ५० हर्ट्झ असेल तिथे १/५० सेकंद, ६० असेल तिथे १/६०.

जोड कुठे घ्यायचा हे शूटच्या आधी ठरवा. दाराची चौकट, कपाटाची कड अशी उभी रेघ सगळं लपवते. एका नटाचा हात रेघ ओलांडून गेला, की एडिटरला तो हात फ्रेमगणिक कापावा लागतो. सावलीचंही तेच. रिकाम्या खोलीचाही एक शॉट घेऊन ठेवा, ठिगळ लावायला तोच कामी येतो.

आता अभिनय. संभाषण रेटणारं पात्र आधी चित्रित करा, त्यातला चांगला टेक तिथेच निवडा आणि त्याचा आवाज दुसऱ्या टेकच्या वेळी नटाच्या कानातल्या छोट्या इअरफोनवर वाजवा. नजरेसाठी स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला टेपचा तुकडा चिकटवा. हे केलं नाही तर नट समोरच्याच्या हनुवटीकडे बघत बोलतो आणि प्रेक्षकाला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं खरं. दोन्ही पात्रांनी एकमेकांचं बोलणं मध्येच तोडू नये, हे आधीच बजावा.

असे दोन-तीन शॉट पुरे. बाकीचा प्रसंग पाठमोऱ्या डमीच्या खांद्यावरून निघतो, फक्त केस आणि कॉलर जुळायला हवी. चित्र आडवं उलटवून ‘दुसरं जग’ बनवणार असाल तर शर्टाची बटणं आणि मागच्या पाट्यांवरची अक्षरं बघा.

आवाज

प्रत्येक जागेचा किमान अर्धा मिनिट रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, घ्या, सगळे गप्प उभे राहून. दोन टेक जोडताना मागचा पंखा एका अर्ध्यात चालू आणि दुसऱ्यात बंद असेल तर डोळ्यांना न दिसलेला जोड कानाला ऐकू येतो. शिवाय एका जगाला स्वतःची एखादी बारीक घरघर दिली की प्रेक्षक पडद्याकडे न बघताही जग ओळखतो.

नोंदी

खर्च वाचवायला एकाच लोकेशनवरचे दोन्ही जगांचे प्रसंग सलग शूट होतात, आणि संध्याकाळपर्यंत कोणालाच काही आठवत नाही. प्रसंगाच्या क्रमांकाला जगाचं अक्षर जोडा: १४क, १४ख. तेच अक्षर क्लॅपवर (टेकच्या आधी कॅमेऱ्यापुढे धरायच्या पाटीवर), तेच फाइलच्या नावात, तेच कपड्यांच्या पिशवीवर. प्रत्येक सेटअपनंतर मोबाइलवर एक फोटो काढा. जग बदलताना फक्त मुख्य नटाचे कपडे बदलून भागत नाही. मागची उशी, कॅलेंडर, टेबलावरचा कप यांचीही यादी लागते.

रफ कट (पहिला कच्चा कट) कळत नाही, आता काय?

बघणाऱ्यांना ‘आवडला का’ विचारू नका, लोक हो म्हणतात. मध्येच पॉज करून विचारा, ‘आत्ता आपण कुठल्या जगात आहोत, आणि कशावरून?’ उत्तर अडलं त्या जागेची वेळ लिहून ठेवा. निवेदन घालून भोकं बुजवण्याचा मोह होईल. त्याआधी इन्सर्ट शॉट करून बघा. घड्याळ बांधलेला हात, दाराची कडी, टेबलावरची किल्ली. यात चेहरा नसतो, त्यामुळे नटाची तारीख लागत नाही आणि एका दुपारी दहा-बारा शॉट होतात. म्हणून पहिला कट बघून होईपर्यंत कपडे आणि प्रॉपर्टी (सेटवरच्या वस्तू) परत करू नका. नटालाही तोवर केस कापू देऊ नका.