बॉबिन लेस शिकताना: आधी दोरा की आधी नक्षी?

शीतलामाता बाजारात जाऊन ‘बॉबिन लेससाठी दोरा हवाय’ म्हटलं, की समोर शिलाई मशीनच्या बॉबिनींचा डबा येतो, नाहीतर साडीला लावायच्या तयार लेसचे गठ्ठे. सहा वर्षांपूर्वी माझंही तसंच झालं. इंदूरमध्ये ही कला येणारं एकच माणूस मला माहीत होतं, आमच्या सुदामानगरच्या गल्लीतल्या टीचर. त्या मूळच्या तमिळनाडूतल्या नागरकोइलकडच्या. इथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, इथेच राहिल्या. गल्ली त्यांना टीचरच म्हणते, मीही तेच म्हणते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडन मिशनरी सोसायटीतल्या मार्था मॉल्ट यांनी नागरकोइलला मुलींसाठी लेसची शाळा काढली होती. तिथून ही उशीवरची लेस त्या भागात घरोघरी गेली, आणि टीचरांच्या आजीपर्यंतही पोचली.

आता माझ्याकडे कोणी शिकायला आलं की दोन प्रश्न ठरलेले असतात: दोरा कोणता घेऊ आणि पहिल्यांदा काय करू? दोन्हीची उत्तरं वेगवेगळी शोधायला गेलं की काम फसतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ही लेस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे सुई नाही, क्रोशाची आकडीही नाही. एका घट्ट उशीवर नक्षीचं कार्ड लावायचं, त्यावरच्या भोकांत टाचण्या रोवायच्या, आणि लाकडी काड्यांवर, म्हणजे बॉबिनींवर, गुंडाळलेले दोरे त्या टाचण्यांभोवती एकमेकांत गुंफायचे. काड्या जोडीजोडीने चालतात. एका वेळी हातात दोन जोड्या, म्हणजे चार काड्या. हालचाली दोनच आहेत. क्रॉस, म्हणजे मधल्या दोन काड्यांपैकी डावी उजवीवरून न्यायची. आणि ट्विस्ट, म्हणजे प्रत्येक जोडीतली उजवी डावीवरून. क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस केलं की कापडासारखी घट्ट वीण येते, तिला आम्ही कापडटाका म्हणतो. नुसतं क्रॉस-ट्विस्ट केलं की जाळीदार अर्धा टाका. हेच चार दोऱ्यांवर करत राहिलं तर चौपेडी वेणी होते. लहानपणी ज्यांनी बाहुलीच्या वेण्या घातल्या आहेत त्यांच्या बोटांना हे लवकर उमगतं.

माझी चूक आधी सांगते, कारण ती दोऱ्याचीच होती. भाचीचं लग्न ठरलं आणि मी ठरवलं की तिच्या रुखवतात माझ्या हातची लेस लावलेला रुमाल ठेवायचा. चारी बाजूंनी लेस, चार कोपरे. टीचर म्हणाल्या, “कोपरा आत्ता नको.” मी ऐकलं नाही. दोरा घेतला पॉलिएस्टरचा, रीळ स्वस्त, रंग झकास. दीड महिना रोज रात्री बसले. उशीवर लेस ताणलेली होती तोवर फार देखणी दिसत होती. एका बाजूच्या टाचण्या काढल्या आणि बघता बघता ती पट्टी आक्रसली. कडा आत वळल्या, जाळीतल्या चौकटी मिटल्या, आणि पंख्यांच्या नक्षीचे जणू ओल्या कागदाचे बोळे झाले. टीचरांनी तो तुकडा बोटांत धरून ओढला, सोडला, पुन्हा ओढला. “बघ, दोरा रबरासारखा परत जातो. उशीवर तू त्याला ताणून बसवलंस. टाचण्या गेल्या, तो आपल्या जागी गेला.” तो रुमाल रुखवतात गेला नाही. तुकडा मी ठेवला आहे आणि नव्या विद्यार्थिनीच्या हातात पहिल्यांदा तोच देते.

म्हणून सुरुवातीला दोरा सुतीच घ्या, मर्सराइज्ड, आणि चांगला पीळ असलेला. मर्सराइज्ड दोऱ्याला चमक असते, ताकद असते आणि त्याची लव कमी उडते. इंदूरमध्ये सहज मिळणारा म्हणजे भरतकामाचा पर्ल कॉटन, अँकरचा किंवा डीएमसीचा. डीएमसीच्या ८ नंबरची १० ग्रॅमची गुंडी सुमारे ८० मीटरची असते, १२ नंबरची १२० मीटरची. वजन तेच आणि लांबी जास्त, म्हणजे १२ नंबर बारीक. पहिलं वर्षभर ८ नंबरवरच राहा, असं माझं स्पष्ट मत आहे. एकच दोरा सतत हाताळला की किती ओढल्यावर तो नीट बसतो आणि किती ओढल्यावर तुटतो हे बोटं शिकतात. दर महिन्याला नवा दोरा आणणारीला हे कळायला फार वेळ लागतो. रंग पांढरा, मोतिया किंवा फिका घ्या. काळ्या दोऱ्यात आपली चूक आपल्यालाच दिसत नाही. एक सोय मात्र करून घ्या: आडवी फिरणारी जोडी वेगळ्या रंगाची ठेवा. कापडटाक्यात ती कुठून कुठे गेली ते दिसतं, आणि चूक कुठल्या टाचणीपाशी झाली ते लगेच सापडतं.

नंबरांच्या बाबतीत सावध राहा, कारण सगळ्या दोऱ्यांचे नंबर एका मापाचे नसतात. सुती सुताचा इंग्रजी नंबर म्हणजे एका पाउंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. लिननचा नंबर मात्र ३०० वारांच्या लड्यांवर मोजतात. त्यामुळे ६० नंबरचं लिनन आणि ६० नंबरचं सूत ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ६० नंबरचं लिनन जाडीला साधारण २१ नंबरच्या सुताजवळ येतं. त्यात तिरक्या रेषेनंतरचा आकडा पदरांचा असतो: ६०/२ म्हणजे ६० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले. पर्ल कॉटनचे ५, ८, १२ हे आकडे तर यांपैकी कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. युरोपातल्या नक्षीवर ‘लिनन ६०/२’ लिहिलेलं असतं, ते इंदूरच्या बाजारात मिळत नाही, आणि मग शिकणारी नंबर जुळवायला ६० नंबरचा सुती दोरा आणते. लेस विरविरीत होते, उशीवरून उचलली की आकार सोडते.

नंबर विसरा, मोजपट्टी वापरा. ही पद्धत मला टीचरांनी दुकानाच्या काउंटरवरच शिकवली. एक पेन्सिल घ्यायची, तिच्यावर दोन सेंटिमीटरच्या दोन खुणा करायच्या. त्या खुणांमध्ये दोरा शेजारी शेजारी गुंडाळायचा. वेढे एकमेकांना टेकले पाहिजेत, पण एकावर एक चढता कामा नयेत आणि मध्ये फटही नको. फार ओढायचं नाही. मग वेढे मोजून निम्मे करायचे. चाळीस वेढे बसले, तर दोऱ्याचं माप सेंटिमीटरला वीस. दुकानदार त्या दिवशी गिऱ्हाईक सोडून आमच्याकडेच बघत होता. शेवटी त्याने आपणहून मागच्या फळीवरच्या गुंड्या काढून दिल्या, “ये भी नाप लो, माताजी.”

या मापाचा उपयोग असा. समजा, नक्षीसाठी सांगितलेला दोरा सेंटिमीटरला तीस वेढ्यांचा आहे आणि तुमच्याकडचा वीसचा. तीस भागिले वीस म्हणजे दीड. झेरॉक्सवाल्याला सांगा, दीडशे टक्के मोठी करून दे. भोकांमधलं अंतर दोऱ्याच्या जाडीच्या प्रमाणात वाढलं, नक्षी तशीच राहिली, आणि दोरा तुमच्या हातातला. उलट तुमचा दोरा बारीक असेल तर नक्षी लहान करायची. टीचर गणिताच्या, त्यामुळे हे त्रैराशिक त्या फार आवडीने सांगतात.

मात्र इथेच दोरा तुमचं काम ठरवतो. चार सेंटिमीटर रुंदीची पोथीत ठेवायची खूण दीडपट केली की सहा सेंटिमीटरची होते. ती ज्ञानेश्वरीच्या मोठ्या प्रतीत शोभेल, खिशातल्या हरिपाठात मावणार नाही. म्हणजे एक तर दोरा बदला, किंवा त्या रुंदीचं दुसरं काम निवडा, देवघरातल्या आसनाची किंवा ताटावरच्या झाकणरुमालाची कड. नक्षी आवडली म्हणून हट्टाने चुकीच्या मापात करू नका.

नक्षीवर दोऱ्याचं माप दिलेलंच नसेल, तर सरळ एक इंच विणून बघा. कापडटाका मलमलीसारखा दिसला पाहिजे. सतरंजीसारखा ताठ, फुगलेला दिसला तर दोरा जाड आहे. दोऱ्यांमध्ये फटी पडून सरकायला लागला तर बारीक. हा इंचभर तुकडा वाया गेला असं मानू नका. तो वहीत चिकटवा, शेजारी दोऱ्याचं नाव, पेन्सिलीवरचे वेढे आणि नक्षीच्या भोकांमधलं अंतर लिहा. माझ्या वहीत असे चाळीसच्या वर तुकडे आहेत, आणि दुकानात जाताना मी तीच वही नेते.

इतर दोऱ्यांविषयी थोडं. महेश्वर आपल्याला जवळ, तिथलं रेशीम बघून कोणालाही मोह होतो. मीही आणलं. बाण्याच्या रेशमाला पीळ अगदी कमी असतो. काडीच्या बारीकशा खरखरीत जागेवर, नखाच्या टोकावर तो अडकतो आणि त्याचे तंतू सुटतात. पीळदार रेशीम चालतं, पण ते निसरडं असल्याने काडीवर त्याची अढी, म्हणजे दोरा उलगडू नये म्हणून घ्यायचा फास, दोनदा घ्यावी लागते, नाहीतर काम चालू असताना काड्या घरंगळून खाली जातात. हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं काम. लिनन तर मला मनापासून आवडतं. त्याची लेस ताठ राहते आणि वर्षांगणिक सुंदर होत जाते. पण आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ते ठिसूळ वागतं, कारण ओलावा असला की लिननला बळ येतं. मी लिनन पावसाळ्यासाठी राखून ठेवते. त्याच पावसाळ्यात साध्या लोखंडी टाचण्या गंजतात आणि भोकाभोकावर तांबूस डाग पडतात, तो डाग निघत नाही. टाचण्या पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, इथे काटकसर नको.

काड्यांचं वजनही दोऱ्याशी जुळायला हवं. जड काडी बारीक दोरा तोडते, हलकी काडी जाड दोऱ्याला ताण देत नाही. ८ नंबरच्या पर्लला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या साध्या खरादी काड्या पुरतात.

पहिलं काम कोणतं? टॉर्शों पद्धतीची पट्टी घ्या. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ फडकं, पण नावावर जाऊ नका. तिची नक्षी आलेखाच्या कागदावर बसते, रेषा पंचेचाळीस अंशात जातात, त्यामुळे पुढची टाचणी कुठे हे शोधावं लागत नाही. आधी आठ जोड्यांची नुसती कापडटाक्याची पट्टी, बोटभर लांब. मग अर्ध्या टाक्याची. मग पोथीची खूण, बारा जोड्यांची, मध्ये एखादा कोळी. कोळी म्हणजे मधल्या गोलाकडे आठ पाय आलेली नक्षी, ती जमली की माणूस या कलेत रमतो, असं मी दर वेळी बघते. अठरा सेंटिमीटरच्या खुणेसाठी मी प्रत्येक काडीवर मीटरभर दोरा घेते, आडव्या जोडीच्या दोन काड्यांवर अडीच मीटर. बावीस काड्यांचे बावीस मीटर आणि आडव्या जोडीचे पाच, असे सत्तावीस. ८० मीटरच्या एका गुंडीत दोन खुणा निवांत होतात, तिसरीला मीटरभर दोरा कमी पडतो, तेव्हा तिसरी मोजून मापूनच सुरू करा.

खूण का, तर ती संपते. तिला कोपरा नाही, कापडाला शिवायची नाही, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून देता येते. पाच-सहा खुणा झाल्यावर सरळ कड करा, ब्लाउजच्या बाहीची किंवा आसनाची. खणाला रंगीत दोऱ्याची लेस लावणार असाल तर आधी दोऱ्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या कापडात दाबून बघा, लाल आणि गडद निळा हमखास तपासा. कोपरा त्यानंतर. टीचर मला पहिल्याच महिन्यात हे सांगत होत्या.

सध्या माझ्या उशीवर टोपड्याची कड आहे. ज्या भाचीच्या रुखवतात माझा रुमाल जायचा राहिला, तिच्या बाळंतविड्यासाठी. बाळाच्या कानाला घासू नये म्हणून ताठ लिनन नको, चमकीचा दोरा तर मुळीच नको. ८ नंबरचा पांढरा पर्ल, आणि टोपड्याचं कापड आधीच दोनदा धुऊन आकसून घेतलेलं. ही कड शेवटची टाचणी लावल्यावर एक रात्र तशीच उशीवर राहील, सकाळी टाचण्या निघतील. आठ इंच झाली आहे, पाच बाकी आहेत.