‘सँग्विन’ शिकताना

इंग्रजी शब्दसंग्रहाची तयारी नुकतीच सुरू केलेल्यांना मी लगेच याद्या पाठ करायला लावत नाही. आधी एकच विशेषण देते आणि त्याचा पुरता पिच्छा पुरवायला सांगते. बहुतेकदा तो शब्द ‘सँग्विन’ असतो. शब्दकोशात ‘आशावादी’ हा अर्थ सापडला की बरेच जण वही मिटतात. एवढ्या भांडवलावर हा शब्द वापरता येत नाही.

लॅटिनमध्ये ‘सँग्विस’ म्हणजे रक्त. प्राचीन ग्रीक वैद्यक शरीरात चार द्रव मानत असे: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन याच्या लेखनामुळे हा विचार युरोपात शतकानुशतकं टिकला. ज्याच्यात रक्ताचा जोर तो लालबुंद, उत्साही, सगळं नीट होईल असा भरवसा बाळगणारा. कफाचा जोर असलेला ‘फ्लेग्मॅटिक’, सहजी न हलणारा. काळ्या पित्ताचा ‘मेलँकॉलिक’, खिन्न. आणि पिवळ्या पित्ताचा ‘कॉलरिक’, म्हणजे ज्याचं आपल्या भाषेत पित्त खवळतं तो! इतकं कळलं की चारही शब्द एकत्रच लक्षात राहतात.

खरी मेहनत वापरावर करावी लागते. ‘सँग्विन’नंतर बहुधा ‘अबाउट’ येतं, आणि त्यापुढे जिचा निकाल अजून लागलेला नाही अशी गोष्ट: वाटाघाटी, महागाई, निवडणूक. शिवाय हा शब्द नकारात किंवा तुलनेत फार भेटतो. ‘नॉट सो सँग्विन’, ‘लेस सँग्विन’, ‘टू सँग्विन’. शेवटच्या प्रयोगात तर ‘हा भरवसा अनाठायी आहे’ असं बोलणाऱ्याचं मत स्पष्टच असतं. ही छटा ‘आशावादी’ एवढंच लिहून ठेवणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही, म्हणून मी या मुद्द्यावर सर्वात जास्त वेळ घालवते. माणूस सँग्विन असतो, त्याचा दृष्टिकोन किंवा अंदाज असतो. पण चांगल्या बातमीला सँग्विन म्हणत नाहीत. अग्रलेख, आर्थिक अहवाल यांत तो शोभतो. मित्राशी बोलताना ‘होपफुल’ पुरे.

‘सँग्विनरी’पासून मात्र सांभाळा. त्याचा अर्थ रक्तरंजित किंवा रक्तपिपासू. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, पण एकाच्या जागी दुसरा घातला तर वाक्याचा अनर्थ होतो. (चित्रकार ज्या लालसर तपकिरी खडूने रेखाटनं करतात, त्यालाही सँग्विनच म्हणतात. परीक्षेत याचा उपयोग नाही, पण मला हे फार आवडतं.)

वहीत अर्थाशेजारी वाचनात सापडलेली निदान तीन वाक्यं उतरवा, ‘अबाउट’ आणि ‘टू’सकट. ती जमली की ‘रेस्टिव्ह’ घ्या. मुळात हा शब्द पुढे पाऊल टाकायला नकार देणाऱ्या, अडून बसलेल्या घोड्यासाठी होता. आज तो अस्वस्थ, ताबा न जुमानणाऱ्या जमावालाही लागतो. हा प्रवास कसा झाला असेल, ते आता तुम्ही शोधा.