ॲस्ट्रोसाइटचं कॅल्शियम मोजताना या चुका टाळा

सर्वांत जुनी चूक म्हणजे ॲस्ट्रोसाइटला, म्हणजे मेंदूतल्या ताऱ्याच्या आकाराच्या आधार-पेशीला, न्यूरॉनसारखं (चेतापेशीसारखं) मोजणं. चित्रात सोमाभोवती (पेशीच्या मुख्य भागाभोवती) गोल काढायचा, सरासरी घ्यायची आणि "पेशी शांत आहे" असं लिहून मोकळं व्हायचं. ॲस्ट्रोसाइटची बहुतेक हालचाल बारीक फांद्यांत असते. आयपी३आर२ (पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडणारा रिसेप्टर) नसलेल्या उंदरांत सोमा जवळपास गप्प असतो, पण फांद्यांत कॅल्शियम उसळतच राहतं, हे २०१५ मध्ये दिसलं. मी पेशीपटलाला चिकटणारा जीकॅम्प (कॅल्शियम वाढलं की उजळणारं प्रथिन) वापरते आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी अख्खा व्हिडिओ डोळ्यांनी पाहते. नवख्यांना नेमका हाच वेळ वाया गेल्यासारखा वाटतो.

दुसरी चूक सूक्ष्मदर्शकाच्या लेझरची, आणि तिचा मला खरोखर राग येतो. एका विद्यार्थ्याने अल्झायमर मॉडेलच्या उंदरांचा डेटा आणला. आजारी उंदरांत कॅल्शियमच्या लाटाच लाटा, निरोगी उंदरांत तुरळक. पटण्यासारखंच होतं, कारण अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) साचलेल्या उंदरांत ॲस्ट्रोसाइट अतिसक्रिय होतात हे २००९ पासून माहीत आहे. पण वहीत लेझर पॉवरचा रकाना कोराच. विचारलं तेव्हा कळलं की आजारी उंदरांच्या कवटीवरची काच गढूळ झाली होती, चित्र अंधूक येत होतं, म्हणून त्याने पॉवर वाढवली. त्याच उंदराचं, त्याच जागेचं रेकॉर्डिंग त्याच वाढवलेल्या पॉवरवर पुन्हा घेतलं. सुरुवातीला शांत, लेझर फिरत राहिला तसतशा लाटा वाढत गेल्या. इन्फ्रारेड लेझरने ऊती तापतात आणि ॲस्ट्रोसाइटमधलं कॅल्शियम त्यानेच खवळतं. आजाराने हे असं घड्याळ लावून वाढत नाही. काच गढूळ असेल तर मी तो उंदीर सोडून देते. महिनाभर जपलेला प्राणी सोडणं जिवावर येतं, पण पॉवर वाढवून वेळ मारून नेणं हा मार्ग नाही.

सल्फोरोडामाइन १०१ या रंगद्रव्याने ॲस्ट्रोसाइट झटपट रंगतात खऱ्या, पण त्याने मेंदूत अपस्माराच्या झटक्यांसारखी विद्युत हालचाल सुरू होऊ शकते, जपून.

पिल्लांच्या मेंदूत दिसलेला एमग्लुआर५चा (ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या रिसेप्टरचा) प्रतिसाद प्रौढ उंदरांना लावू नका. वयाबरोबर तो रिसेप्टर ॲस्ट्रोसाइटमध्ये खूप कमी होतो.

भूल दिलेल्या उंदरावरून "निरोगी मेंदू असा असतो" म्हणू नका. भुलेत हे संकेत दबतात. जाग्या उंदरात तो धावायला लागला की नॉरॲड्रेनालिनमुळे (सतर्कतेच्या वेळी मेंदूत सुटणाऱ्या रसायनामुळे) सगळं क्षेत्र एकदम उजळतं. म्हणून उंदीर ज्यावर धावतो त्या चाकाची नोंद नसलेली फाइल मी विश्लेषणाला घेत नाही.